ज्याची चूल, त्याची संध्याकाळ

"तुम्हाला घराची गरज आहे का?" हा प्रश्न विचारत मी एका मे महिन्यात गोराई गावात दारोदार फिरलो, आणि जवळजवळ प्रत्येक दारात एकच उत्तर मिळालं. नाही, आमचं बरं चाललंय. चहा घेणार?

चहा मी घेत होतो, आणि त्याचंही मनावर ओझं होत होतं. लोकांच्या पडवीत बसायचं, त्यांच्या खोल्या आणि त्यांची माणसं मोजायची आणि वर त्यांचाच चहा प्यायचा, हे काम मी बरीच वर्षं करतोय. ते ओझं काही कमी झालेलं नाही. बायको म्हणते, तुला चहात साखर जास्त पडली तरी अपराधी वाटतं. ती चुकीचं बोलत नाही.

आमची संस्था लहान आहे. उपनगरांत कुठे कोणाला कसलं घर हवंय आणि किती भाडं झेपेल, याची पाहणी करून देणं हे आमचं काम. साकीनाक्याच्या कारखान्यांवरच्या माळ्यांत मी हिंडलोय, कांजूरमार्गच्या वस्त्यांतही हिंडलोय. तिथे प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येतं. खोलीत पाच माणसं असली तर आठ सांगतात. गावाला गेलेला मेहुणा धरतात, सुनेच्या पोटातलं बाळही धरतात. मी त्यांना नावं ठेवत नाही; घर मिळण्याची शक्यता दारात येऊन उभी राहिली तर मीही मेहुणा धरीन. तिथे आम्ही मनातल्या मनात थोडं वजा करायला शिकलो होतो. गोराईत उलटं होतं. तिथे काहीतरी मिळवायला हवं होतं, पण काय मिळवायचं ते कळत नव्हतं.

खरं तर गोराई माझ्या समोरच आहे. मी बोरिवलीचा. खाडीच्या अलीकडे माझा जन्म गेला आणि पलीकडे मी गेलो तो फक्त समुद्रावर, सहलीला. तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या बोटीतून उतरायचं, रिक्षात बसायचं, वाळूत खेळायचं आणि अंधार पडायच्या आत परत. वाटेत एक गाव लागतं, तिथे माणसं राहतात, त्यांची मुलं मोठी होतात आणि लग्नानंतर त्या मुलांना कुठेतरी राहावं लागतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

या वेळी बोलावलं होतं ते तिथल्या चर्चच्या फादरनी. चर्चच्या मागे पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या मंडळींच्या मालकीचा जमिनीचा तुकडा आहे. पूर्वी तिथे भाजीचा मळा होता, आता नुसतं गवत. त्याचं काय करायचं यावर पॅरिशच्या समितीत दोन तट पडले होते. काहींना लग्नाचा हॉल हवा होता. काहींचं म्हणणं, तिथे लहान लहान घरं बांधावीत आणि गावातल्याच जोडप्यांना परवडेल अशा भाड्याने द्यावीत, म्हणजे पोरं गाव सोडून जाणार नाहीत. फादर या दुसऱ्या बाजूचे. पण समितीने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की गरज आहे असं नुसतं म्हणून चालणार नाही, दाखवा. मे महिना संपला की समितीची बैठक होती, आणि दाखवायचं काम माझं.

गाव फिरवायला फादरनी एक मुलगी दिली. मुलगी म्हणतोय, पण पस्तिशीच्या आसपासची असेल. गावच्या बालवाडीत शिकवायची, सुट्टी असल्यामुळे मोकळी होती. पहिल्याच सकाळी छत्री उघडून ती पुढे चालायला लागली आणि मागे न बघता म्हणाली, "सर, नीट मोजा हां. माझं लग्न तुमच्या सर्व्हेवर अडकलंय."

मला वाटलं, थट्टा करतेय. थट्टाच होती, पण गोष्टही खरी होती. तिचं लग्न गावातल्याच एका मुलाशी ठरून बरीच वर्षं झाली होती. तो अंधेरीला एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला. त्याच्या घरात दोन लग्न झालेले भाऊ आधीच होते, तिसरा संसार मावत नव्हता. हिच्या घरात भाऊ, वहिनी, त्यांची मुलं आणि म्हातारे वडील. त्याने कंटाळून नालासोपाऱ्याला एक खोली बघून ठेवली होती आणि ही आज-उद्या करत होती. कारण वडील. आई गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब तिलाच घालावे लागायचे. दुसरं कोणी बाटली घेऊन आलं की ते डोळे गच्च मिटून घ्यायचे. मळ्यात घरं झाली तर ती लग्न करून इथेच राहणार आणि वडिलांकडे येऊन-जाऊन असणार. नाही झाली तर नालासोपारा.

मी विचारलं, आणि हॉल झाला तर?

"मग त्या हॉलमध्ये लग्न लावून नालासोपाऱ्याला जाईन. झकास ना?"

असं आम्ही फिरायला लागलो. घरं चांगली होती, काही जुनी कौलारू, काही नव्याने स्लॅब टाकलेली. पडवीत खुर्ची, खुर्चीत घरातलं वडीलधारं माणूस. मी प्रश्न विचारायचो, उत्तर ते द्यायचे, बाकीचे मागे दाराशी उभे राहून ऐकायचे. किती माणसं? आहेत घरचीच. जागा पुरते? न पुरायला काय झालं? मुलाला वेगळं घर हवंय का? कशाला, हे कोणाचं आहे मग?

मला पाहायची सवय आहे, आणि ही सवय फारशी सभ्य नाही हेही मला माहीत आहे. दारामागे उभी करून ठेवलेली खाट मला दिसत होती. एका स्वयंपाकघरात दोन गॅस, दोन मसाल्याच्या बाटल्यांच्या फळ्या आणि मधे खडूने रेघ मारल्यासारखी एक रिकामी जागा. खिडकीत उभा असलेला चाळिशीचा मुलगा, बिनलग्नाचा. डोळ्यांना एक दिसत होतं आणि फॉर्मवर दुसरंच उमटत होतं, आणि मी ऐकलेलं तेच लिहीत गेलो, कारण आपल्या मनाचं लिहायचं नाही हा आमच्या कामाचा पहिला नियम.

मग तिचं घर आलं. वडील पडवीत बसले होते. उंच, वाळलेले, पांढरा शर्ट पार गळ्यापर्यंत बटणं लावलेला. डोळे सतत पाणावलेले. त्यांच्या खुर्चीमागे एक गादी गुंडाळून ठेवलेली होती, म्हणजे रात्री ते तिथेच झोपत असणार. मी नेहमीचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "साहेब, हे घर मी स्वतः उभं राहून बांधलंय. पुरून उरेल एवढं आहे. लिहा, गरज नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. ती उंबऱ्यात उभी होती. तिच्या लग्नाचा, तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न मी तिच्या दारात विचारत होतो. ती म्हणाली, "हो सर, बरोबर आहे. गरज नाही."

आणि मी लिहिलं, गरज नाही.

त्या संध्याकाळी फादरना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हॉलच बांधावा लागणार, असं काहीसं हळू आवाजात म्हणाले. मला म्हणावंसं वाटलं की थांबा, हे खरं नाही. पण खरं नाही हे मी कशाच्या जोरावर म्हणणार? दारामागच्या खाटेच्या?

ती मला धक्क्यापर्यंत पोचवायला आली. बोट अजून पलीकडून यायची होती. मी तिला विचारलंच, तू का बोलली नाहीस?

"तुम्ही पप्पांच्या समोर विचारलंत ना. त्यांच्या पडवीत उभी राहून मी म्हणू, तुमचं घर मला पुरत नाही?"

मी म्हटलं, ठीक आहे, उद्या एकेकाला बाजूला घेऊन विचारतो.

"मग पप्पांच्या पाठीमागे विचारल्यासारखं होईल. ते तर आणखी वाईट." मग ती म्हणाली, "तुमची वाट लागली, सर."

तरीत बसल्यावर मला माझी आई आठवली. वडील गिरणीत, आम्ही चाळीच्या एका खोलीत, आणि आल्यागेल्या पाहुण्याने जागेचं विचारलं की आई वडिलांकडे एक नजर टाकून म्हणायची, आमाक काय कमी आसा? म्हणजे हे मला नवीन नव्हतं. माझ्याच घरातलं होतं, आणि तरी दुसऱ्यांच्या पडवीत मी ते ओळखलं नाही, याची मला लाज वाटली. पण लाजेपेक्षाही मला त्या कोड्याने जास्त धरून ठेवलं. बापासमोर विचारायचं नाही आणि बापामागेही विचारायचं नाही. मग विचारायचं कुठे?

दोन-तीन दिवसांनी तिने रोझरीला बोलावलं. मे महिन्यात गावातल्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी लोक जमतात, माळेची प्रार्थना म्हणतात, गाणी म्हणतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. त्या दिवशी चणे तिच्या घरचे होते. मी संकोचत गेलो. मी त्या धर्माचा नाही, त्या गावचाही नाही, आणि आता तर त्यांच्या घरांची नुकतीच मोजदाद केलेला माणूस. पण कोणी काही म्हटलं नाही. एका आंटींनी शेजारची प्लास्टिकची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

प्रार्थना सुरू व्हायच्या जरा आधी रिक्षा यायला लागल्या. त्यांतून माणसं उतरत होती, मुलंबाळं, हातात डबे, एकीच्या कडेवर झोपलेलं पोर. या चेहऱ्यांपैकी एकही मला कुठल्या पडवीत भेटला नव्हता. तरी ती माणसं पाहुण्यासारखी इकडेतिकडे बघत नव्हती. आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन बसत होती.

मी आंटींना विचारलं, हे कोण?

"गावातलेच."

राहतात कुठे?

"तो मीरा रोडला. ती तिथली नालासोपाऱ्याला. तो मागचा भाईंदरला." मग माझ्याकडे वळून, मंदबुद्धीच्या मुलाला समजवावं तशा त्या म्हणाल्या, "पण गावातलेच, बाबा."

प्रार्थना संपल्यावर मी त्यांना सोडलं नाही. एकामागून एक विचारत राहिलो आणि त्यांनाही मजा वाटायला लागली. त्यांच्याकडून मला कळलं ते असं. महिन्यातली प्रत्येक संध्याकाळ कोणाच्या तरी घरची असते. त्या दिवशी फुलं त्यांची, दिवे त्यांचे, चणे त्यांचे. मुलगा लग्न करून स्वतःची चूल मांडतो तेव्हा त्याला स्वतःची संध्याकाळ मिळते. भिंत नको, दार नको, छप्पर बापाचं असलं तरी चालतं. ज्याची चूल, त्याची संध्याकाळ. मला त्या स्वयंपाकघरातले दोन गॅस आठवले. मला जे घर एक म्हणून सांगितलं होतं, ते क्रुसापाशी दोन होतं आणि कोणाला त्यात काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं. आणि गाव सोडून गेलेल्याची संध्याकाळ कोणी काढून घेत नाही. तो येतो, करतो, परत जातो. महिना तेवढाच आणि चुली वाढलेल्या, म्हणून आता एकेका संध्याकाळी दोन-तीन घरं असतात.

आणि ज्यांच्या चुली मांडल्याच गेल्या नाहीत ते, मी विचारलं.

त्यांनी हनुवटीने पुढे दाखवलं. माझी वाटाडी कागदाच्या पुड्यांमधून चणे वाटत फिरत होती. मागे तिचा होणारा नवरा पातेलं धरून.

"संध्याकाळ तिच्या बापाची," आंटी म्हणाल्या. "राबते ती."

मी इतके दिवस गावातली छपरं मोजत फिरत होतो. ज्यांची गरज सगळ्यांत मोठी होती ते छपराखाली नव्हतेच, ते रिक्षातून उतरत होते. आणि प्रश्न कुठे विचारायचा तेही आता मला दिसलं. इथे कोणी कोणाच्या पडवीत बसलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फादरना विचारून मी परत क्रुसापाशी गेलो. प्रार्थना झाली, चणे वाटले गेले, आणि आंटींनीच सगळ्यांना ओरडून सांगितलं की या बोरिवलीच्या साहेबांना काहीतरी विचारायचंय, बसा जरा. मी उठलो. मी घराचा शब्द काढला नाही. म्हटलं, मला एवढंच समजून घ्यायचंय की तुमच्यापैकी कोणाची संध्याकाळ बाहेरून येते, आणि कोणाची संध्याकाळ अजून व्हायची आहे.

आधी हसले. मग एकाने हात वर केला, मीरा रोड म्हणाला. त्याची बायको म्हणाली की कुठल्या वर्षी गेलो तेही सांग. मग एकमेकांच्या आठवणी दुरुस्त करत सगळे बोलायला लागले. कोण कोणाच्या लग्नानंतर गेलं, कोण पावसात सामान घेऊन तरीतून गेलं आणि कोणाचं कपाट खाडीत पडता पडता वाचलं. म्हातारेही बोलत होते, मुलांच्या देखत, मुलांच्या वतीने. आमच्या धाकट्याची संध्याकाळ विरारहून येते हो. त्यात कोणाचं घर लहान ठरत नव्हतं. मी लिहीत होतो, पण लिहिण्यापेक्षा ऐकावंसं जास्त वाटत होतं.

तिचे वडील पुढच्या रांगेत होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. आंटींनी त्यांना गाठलंच. म्हणाल्या, तू का गप्प रे? तुझ्या घरातून दोन संध्याकाळी व्हायला केव्हाच हव्या होत्या. लोक हसले. ती हसली नाही. उरलेले चणे बांधायला ती त्या दिवशीच्या घरवाल्यांना मदत करत होती; हातातला पुडा अर्धवट वळलेला तसाच राहिला.

वडिलांनी डोळे पुसले, पण ते नेहमीच पुसायचे, त्यावरून काही कळलं नाही. मग म्हणाले, "माझ्या पोरीची संध्याकाळ अजून नाही झाली. चूल मांडायला तिला जागा नाही." आणि माझा आवाज जिकडून आला होता तिकडे चेहरा वळवून, "साहेब, त्या दिवशी मी सांगितलं ते खोडा."

ती पुढे येऊन त्यांच्या खुर्चीजवळ उभी राहिली. खिशातून थेंबांची बाटली काढली आणि त्यांनी मान मागे टाकली.

बैठकीत मी दोन्ही पाहण्या मांडल्या. पहिली चूक का होती आणि ती चूक माझीच का होती, हेही सांगितलं. फादर म्हणाले की चुकीवर एवढं लांब बोलायची गरज नव्हती. हॉलवाल्यांपैकी एकाचा मुलगा वसईला राहतो. त्या बापाने शेवटी घरांच्या बाजूने हात वर केला. घरं ठरली.

इथे थांबता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ठरणं वेगळं आणि बांधणं वेगळं. परवानग्या आहेत, खाडीकाठच्या बांधकामाचे नियम आहेत, हा कागद तिकडे आणि तो इकडे. ते जोडपं किती थांबणार? त्या हिवाळ्यात त्यांनी लग्न केलं. हॉल नव्हताच, मांडव चर्चच्या अंगणात पडला. मी जेवून आलो. मग ती दोघं नालासोपाऱ्याला गेली. डोळ्यांतले थेंब वहिनी घालते, आणि म्हातारे अजून डोळे मिटतात असं ऐकलं.

पुढच्या मे महिन्यात मी गेलो तो आमंत्रणावरून. मळ्यातलं गवत काढलं होतं आणि जमिनीवर चुन्याने चौकोन आखले होते. मी एका चौकोनात उभा राहून पाहिलं. स्वयंपाकघर कुठे येणार, ते काही समजलं नाही.

ती भाईंदरच्या बाजूने रस्त्याने रिक्षातून आली, नवऱ्याबरोबर, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं घेऊन. उतरल्या उतरल्या मला म्हणाली, "लिहा सर, बाहेरून आली." तिची पहिली संध्याकाळ होती. आंटींनी फुलांत काहीतरी चूक काढली, तिने ती दुरुस्त केली.

चणे वाटताना तिने पहिला पुडा वडिलांच्या हातात दिला. मला दुसरा. मी एक तोंडात टाकला. आतून कडक होता. तिकडे पाणी जड आहे, कितीही शिजवा, असं ती माझ्या चेहऱ्याकडे बघून पुटपुटली.

वडील एकेक चणा दाढेखाली बराच वेळ घोळवत होते. दात फारसे उरले नव्हते. मी शेजारी बसलो होतो आणि माझ्या तोंडून सवयीने प्रश्न गेलाच, काय अंकल, कसे झालेत?

मुलगी समोर उभी होती, सगळं गाव भोवती होतं. मला वाटलं, आता म्हणतील, छान झालेत.

"कच्चे आहेत," ते म्हणाले. "इथल्या विहिरीच्या पाण्यात शिजवायला हवेत." आणि पुडा तिच्यापुढे धरून त्यांनी आणखी मागितले.